एका खणात एकच

मार्चअखेरचं काम घरी आणायचं नाही असं दरवर्षी ठरवते आणि दरवर्षी आणते. त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा होता, बशीत संत्र्याच्या साली वाळत होत्या, आणि भाचीची मुलगी माझ्या खुर्चीच्या हातावर बसून स्क्रीनकडे टक लावून बघत होती. सहावीत आहे ती. कंटाळली असेल म्हणून तिला एक कोरी शीट उघडून दिली आणि बरोबरचं चिन्ह टाकून गुणाकार कसा करायचा ते दाखवलं. ११ गुणिले ११ मी करून दाखवला, पुढे ती स्वतःच निघाली. १११ गुणिले १११: १२३२१. मग चार एक, मग पाच एक. १२३४३२१. १२३४५४३२१. प्रत्येक वेळी एक पायरी वर, एक पायरी खाली. रकाना अपुरा पडला की तो मी ओढून रुंद करून द्यायचे आणि ती पुढचा एक टाकायची. नऊ एक गुणिले नऊ एक केल्यावर रकाना पुन्हा ओढला, आकडा पूर्ण दिसेल असा करून दिला. उत्तर होतं १२३४५६७८९८७६५४३००.

ती थबकली. बोट स्क्रीनला टेकवून म्हणाली, "मावशीआजी, शेवटी एक गुणिले एकच आहे ना? मग शून्य कुठून आलं?"

"पंधरा आकड्यांच्या पुढचं ते धरत नाही गं," मी म्हटलं, आणि पुन्हा माझ्या फाइलकडे वळले.

माझं उत्तर खोटं नव्हतं. बँकेत चौतीस वर्षं झाली, नव्या मुलांना हे पहिल्याच आठवड्यात सांगावं लागतं. सोळा आकडी कार्ड नंबर शीटमध्ये तसाच टाकला की शेवटचा आकडा शून्य होतो. कुणाच्या लक्षात येत नाही, आणि दोन दिवसांनी ग्राहक काउंटरवर उभा असतो. म्हणून नंबरच्या आधी एक अपॉस्ट्रॉफी द्यायची, म्हणजे शीट त्याला आकडा न समजता मजकूर समजते आणि आहे तसा ठेवते. हे मी इतक्यांदा सांगितलंय की बोलताना विचार करावा लागत नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी ती आईबरोबर घरी गेली आणि ती दोन शून्यं माझ्याजवळ राहिली. रात्री ओटा पुसताना, दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये दाराशी उभी असताना, सारखी तीच डोळ्यांपुढे. इतक्या नेटानं चढून, नवावर पोचून, पायरी पायरी उतरत आलेला तो आकडा, आणि अगदी पायथ्याशी येऊन त्याच्या दोन पायऱ्याच नाहीत. दुसरा कुठला आकडा असता तर मला एवढं लागलं नसतं. हा बाबांचा आकडा होता.

आम्ही डोंबिवलीला चाळीत राहायचो. बाबा रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. पावसाळ्यात दिवे गेले की आई कंदील स्वयंपाकघरात नेई, आणि बाहेरच्या खोलीत बाबा मेणबत्ती लावून माझी चौकटीची वही पुढे घेत. त्या पिवळ्या उजेडात पाहिलेला तो पहिला गुणाकार मला अजून वासासकट आठवतो, वितळत्या मेणाचा आणि ओल्या दप्तराचा वास. बाबांनी एका ओळीत नऊ एक मांडले, एका खणात एक. त्याच्या खालच्या ओळीत पुन्हा नऊ एक, पण एक खण डावीकडे सरकवून. त्याच्या खाली आणखी नऊ, आणखी एक खण डावीकडे. अशा नऊ ओळी. एकाला एकानं गुणून एकच येतो, त्यामुळे गुणाकार असा करायचाच नव्हता, नुसतं सरकत जायचं होतं. ओळी पूर्ण झाल्या तेव्हा पानावर एकांचा एक तिरका पट्टा तयार झाला. बाबा म्हणाले, "आता उजवीकडून बेरीज कर." पहिल्या उभ्या रांगेत एकच एक. दुसरीत दोन. तिसरीत तीन. बेरीज कसली, मोजदादच ती. नवव्या रांगेत नऊ, आणि तिथून पुढे पट्टा पुन्हा निमुळता होत गेलेला, म्हणून आठ, सात, सहा. मी शेवटचा एक लिहिला तेव्हा बाबा वहीकडे बघत नव्हते, माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

मग त्यांनी उत्तरातल्या आकड्यांची बेरीज करायला लावली. ८१ आली. "आणि वर एक किती मांडलेस?" नऊ ओळी, दर ओळीत नऊ. "एकही सांडला नाही बघ," ते म्हणाले.

आणि मग म्हणाले, "हा आपल्या गावचा आकडा आहे."

ते खरंच होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. ६१७४ या संख्येमुळे त्यांचं नाव आता सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या आधी, १९३८ साली, त्यांनी या डोंगरासारख्या आकड्यांवर लिहिलं होतं आणि त्यांना नाव दिलं होतं 'डेम्लो संख्या'. जी. आय. पी. रेल्वेवरच्या, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेवरच्या, डेम्लो स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली, आणि डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली, असं सांगतात. त्यांच्या डेम्लो संख्यांचं कुटुंब मोठं आहे. १६५, २५५३, ४७७७३ याही त्यातल्याच: पहिला आणि शेवटचा आकडा मिळवला की मधला मिळतो, मग तो मधला कितीही वेळा येवो. पण १, १२१, १२३२१ या वर्गांना त्यांनी वेगळं, अद्भुत मानलं. मी रोज ज्या स्टेशनावरून ८:०६ पकडायचे त्याच्या नावानं गणितात काही आहे, या गोष्टीचा मला आजही आनंद होतो. फलाटावरची ती रेटारेटी, पत्र्यावर आदळणारा पाऊस, इंडिकेटरकडे वर केलेल्या माना. अशाच एखाद्या जागी गाडीची वाट बघताना कुणाच्या तरी डोक्यात एकांच्या ओळी सरकल्या असतील.

त्या मेणबत्तीच्या रात्रीचा दुसरा भाग मात्र मी कुणाला फारसा सांगितलेला नाही.

बाबा म्हणाले, "आता दहा एक घेऊन कर." ओळी मांडायची मला गरजच वाटली नाही. डोंगर कसा चढतो ते मला कळलं होतं. मी सरळ लिहीत सुटले: एक, दोन, तीन... नऊ, दहा, नऊ, आठ... एक. दहा लिहायला एकच खण होता, म्हणून एक आणि शून्य बारीक करून त्यात कोंबले. १२३४५६७८९१०९८७६५४३२१. बाबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "ताळा कर." नवाचा ताळा, म्हणजे एकच आकडा उरेपर्यंत आकड्यांची बेरीज करत गुणाकार पडताळणं, मला येत होता. दहा एकांची बेरीज दहा, म्हणजे एक. एक गुणिले एक, एक. माझ्या उत्तरातल्या आकड्यांची बेरीज ९१, म्हणजे दहा, म्हणजे एक. ताळा बसला. मी विजयी मुद्रेनं वर पाहिलं. बाबांनी शांतपणे त्या मधल्या खणावर पेन्सिल ठेवली आणि म्हणाले, "एका खणात एकच."

मग त्यांनी ओळी मांडून घेतल्या. मधली रांग भरली दहा एकांची. दहाचं शून्य, हातचा एक. पुढच्या रांगेत नऊ, त्यात हातचा मिळवला, पुन्हा दहा, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या पुढच्या आठाचा झाला नऊ. मग मात्र सात, सहा, पाच, सुखरूप. १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ नाहीसा, शिखराच्या जागी दोन शून्यं, म्हणजे दरीच. मी रडवेली झाले होते. शंभर एक मांडले होते आणि उत्तरातल्या आकड्यांची बेरीज भरत होती ८२. "अठरा कुठे गेले?" मी विचारलं. बाबांना हा प्रश्न आवडला. "हातचा दहा घेतो आणि एक देतो," ते म्हणाले, "दर वेळी नऊ गिळतो. दोनदा घेतला, अठरा गेले. म्हणून तर ताळ्याला पत्ता लागत नाही. ताळा नऊ मोजतच नाही." मला ते तेव्हा अर्धंच कळलं. मी रबर घेतलं आणि माझं पहिलं उत्तर खोडलं. इतकं जोर लावून खोडलं की त्या मधल्या खणात कागद फाटला.

नवाची ही गंमत पुढे माझ्या पोटापाण्याला उपयोगी पडली. पूर्वी लेजर हातानं लिहायचो तेव्हा दिवसाअखेर टॅली बसली नाही की जुने हेडकॅशियर आधी फरकाला नवानं भाग जातो का ते बघायला सांगायचे. जात असला तर बहुतेक कुणीतरी ५४ चे ४५ केलेले असायचे. आकडे जागा बदलतात तेव्हा फरक नेहमी नवाच्या पटीतच पडतो. कापरेकरांचा ६१७४ ही त्याच वाटेवरचा. चार आकडे (सगळे सारखे नसले म्हणजे झालं) उतरत्या क्रमानं, मग चढत्या क्रमानं, आणि वजाबाकी; उत्तरावर हेच करत राहिलं की शेवटी ६१७४ वरच येऊन थांबतो. दर पायरीला येणारं उत्तर नवाच्या पटीतलंच. ६१७४ म्हणजे ६८६ नवे. संध्याकाळी साडेसात वाजता पंख्याखाली वाऱ्यानं उडणारी व्हाउचरं सावरत मी अठरा, सत्तावीस, त्रेसष्ट असे फरक शोधत बसायचे आणि मला बाबांचा आवाज ऐकू यायचा. ताळेबंद या शब्दातला ताळा मला नेहमी त्यांच्या पेन्सिलीसारखा वाटत आला.

पण बाबांनी मला न सांगितलेली गोष्ट, आणि ती त्यांनाही ठाऊक नव्हती, मला साताठ वर्षांपूर्वी कळली. ऑफिसमध्ये एक नवा मुलगा आला होता, इंजिनिअर. एका संध्याकाळी सर्व्हर बंद पडला, चहा झाला, दुसरं काही करता येईना. त्याच्या स्क्रीनवर काळ्या खिडकीत तो काहीतरी आकडेमोड करून दाखवत होता. मी म्हटलं, मी एक आकडा सांगते, त्याचे अवयव काढ. आधी बाबांचा सांगितला. क्षणात आले: ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. वर्गच तो, सगळं जोडीजोडीनं. मग का कोण जाणे, मी ते खोडलेलं उत्तर सांगितलं. वीसच्या वीस आकडे, मधल्या दहासकट. त्यानं टाइप केलं, आणि उत्तर म्हणून तोच आकडा परत आला. "मॅडम, याचे अवयव नाहीत. मूळ संख्या आहे ही."

मी त्याला पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच.

हाताशी यंत्र नसेल आणि ही खात्री कागदावर भागाकारानं करून घ्यायची म्हटलं, तर सुमारे साडेतीनशे कोटींपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून बघावं लागेल. अशा सोळा-सतरा कोटी आहेत. एवढ्या सगळ्यांच्या तावडीतून माझी ती हातचा विसरलेली, एका खणात दोघांना कोंबलेली संख्या अखंड बाहेर पडते. वर्ग तर कधीच मूळ असू शकत नाही. म्हणजे मला बाबांना द्यायचं होतं त्याच्या अगदी उलट टोकाचं काहीतरी मी त्यांच्या हातात दिलं होतं, आणि आम्ही दोघांनी मिळून ते रबरानं पुसलं. त्या संध्याकाळी गाडीत मला बसायला जागा मिळाली तरी मी बसले नाही. बाबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ही गोष्ट सांगण्यासाठी जगात एकच माणूस होता, आणि ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही.

एकदा हे सगळं मी एका ओळखीच्या गणिताच्या प्राध्यापकांना सांगितलं. त्यांनी आपुलकीनं ऐकलं, पण म्हणाले की हे संख्येचे गुण नव्हेत, लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. आपल्याला दहा बोटं म्हणून डोंगर नवापर्यंत चढतो. सोळाच्या हिशेबानं मोजणाऱ्यांचा पंधरापर्यंत चढेल. दोनच आकड्यांत मोजणाऱ्यांचा तर पहिल्याच पायरीला मोडतो: त्यांचं ११ म्हणजे आपले तीन, आणि तीन त्रिक नऊ त्यांच्या लिपीत १००१. कापरेकरांनाही अनेकांनी हेच ऐकवलं. त्यांचं काम क्षुल्लक मानणारे पुष्कळ होते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठे जगाला देवळालीचा पत्ता लागला, आणि तोवर मास्तर निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. प्राध्यापकांचं म्हणणं मला मान्य आहे. अवयव, मूळ असणं, वर्ग असणं हे संख्येचं स्वतःचं असतं, ती कुठल्याही लिपीत लिहा. डोंगर आपला असतो. पण आपला आहे म्हणून तो कमी कसा होतो, हे मला अजून कळलेलं नाही. भाषाही आपलीच असते.

आणि हे वेड आपल्याकडे आजचं नाही. राष्ट्रकूटांच्या अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यानं गणितसारसंग्रह लिहिला. त्यात गुणाकाराची उदाहरणं देताना तो मुद्दाम अशी उत्तरं निवडतो की ती लिहिल्यावर सुंदर दिसावीत, आणि त्यांना गळ्यातल्या हाराची उपमा देतो. १३९ गुणिले १०९, उत्तर १५१५१. १५२२०७ गुणिले ७३, उत्तर आठ एक. आणि २७९९४६८१ गुणिले ४४१, उत्तर १२३४५६५४३२१, एकापासून सहापर्यंत चढून क्रमानं उतरणारा. हाच डोंगर. साडेअकराशे वर्षांपूर्वी दख्खनमध्येच कुणीतरी विद्यार्थ्यांना घाम गाळायला लावून शेवटी हे हातात ठेवत होतं. त्यांच्याही तोंडावर तेच उमटलं असेल, जे बाबा माझ्या तोंडावर शोधत होते.

बाबा मला स्थानांची नावं म्हणायला लावायचे, एकं दहं शतं पासून. भास्कराचार्यांनी लीलावतीत ती अठरा दिली आहेत आणि शेवटचं नाव परार्ध. नऊ एकांच्या वर्गात सतरा आकडे, म्हणजे डोंगराचा पहिला एक 'मध्य' या स्थानावर उभा असतो, परार्धाच्या एक पाऊल अलीकडे. दहा एकांच्या वर्गात एकोणीस. डोंगर जिथे मोडतो तिथेच नावंही संपलेली असतात. यात काही गूढ आहे असं मी म्हणत नाही, पण ही ओळ म्हणून संपवल्यावर मी नेहमी थोडी थांबते.

त्या दोन शून्यांचं कारण मी नंतर नीट समजून घेतलं. शीटमागचं यंत्र दोनच्या हिशेबानं मोजतं आणि एका आकड्यासाठी त्याच्याकडे ५३ खण असतात. १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या दोनच्या लिपीत लिहायला ५४ लागतात. एक खण कमी पडतो. म्हणून ते पंधरा आकड्यांपुढे जबाबदारी घेत नाही, शून्य भरून मोकळं होतं. एका खणासाठी! मला एकदम त्या यंत्राबद्दल राग उरला नाही.

पुढच्या शनिवारी मी भाचीकडे गेले, जाताना चौकटीची वही घेऊन. आधी पोरीची माफी मागितली, तुझ्या प्रश्नाचं मी अर्धंच उत्तर दिलं म्हणून. ५३ खणांचं सांगितलं. मग म्हटलं, यंत्राचं उत्तर चूक आहे हे तू शेवटच्या आकड्यावरून पकडलंस, आणखी एका ठिकाणी पकडता येतं. वर्गाच्या शेवटी दोन शून्यं असली तर ती झाकल्यावर उरलेला आकडाही वर्गच असायला हवा. तिनं बोटानं शून्यं झाकली. १२३४५६७८९८७६५४३. एक ते नऊचे वर्ग तोंडानं पुटपुटली आणि ओरडली, "तीन कशाच्याच शेवटी येत नाही!"

मग आम्ही ओळी मांडल्या. तिची पेन्सिल बाबांच्या पेन्सिलीपेक्षा वेगात चालते आणि एकांना ती वर छोटी चोच काढते. डोंगर पूर्ण झाला, शेवटचा २१ जागच्या जागी बसला, तेव्हा ती हसली नाही, नुसती मागे रेलून बघत राहिली. ८१ मोजून झाले. मी काही म्हणायच्या आधी तिनं पान उलटलं आणि दहा एकांच्या ओळी स्वतःच मांडायला घेतल्या. उजवीकडून नवापर्यंत आली. मधल्या रांगेत दहा मोजले, आणि क्षणभर थांबून तो दहा बारीक करून एका खणात लिहिला. मी गप्प बसले. आत भाचीनं कुकर लावला होता, एक शिट्टी झाली. पोर एकापर्यंत उतरली, तिला मघाशीच शिकवलेला ताळा करून पाहिला, तो बसला. तरी तिच्या कपाळावर आठी होती. ती खण मोजत होती.

"खण एकोणीस आहेत, आणि आकडे वीस झाले," ती म्हणाली. "हातचा राहिला." तिनं कंपासपेटीतून रबर काढलं.

"थांब," मी म्हटलं, "खोडू नकोस अजून." वही माझ्याकडे ओढून घेतली, पर्समधली डायरी काढली आणि तो आकडा त्यात उतरवून घेतला, वीसच्या वीस. मग वही तिला परत दिली.